घर न पाडता भिंत सरकविताना

दुर्ग जिल्ह्यातील जामुल हे गाव भिलाईच्या परिसरात राहणाऱ्या आमच्या वाचकांना चांगलेच परिचित आहे. इतरांना ते १९६५ साली तेथे सुरू झालेल्या सिमेंटच्या कारखान्यामुळे ऐकून ठाऊक असेल. या गावाच्या नशिबी एक मौजेची गोष्ट आली. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ पासून ती भोपाळ झाली आणि १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर. दुर्ग जिल्ह्याचेही तसेच. तो १९०६ साली निर्माण झाला, १९७३ साली त्यातून राजनांदगाव वेगळा निघाला आणि २०१२ साली बालोद व बेमेतरा हे दोन जिल्हे निराळे झाले. इतक्या वेळा नकाशावरील रेषा बदलल्या, पण जामुल जागचे हलले नाही. बदलल्या त्या दप्तरातील नोंदी.

संगणकाच्या डिस्कवरील रेषांचेही नेमके असेच असते. त्या रेषा सरकविता येतात आणि त्यासाठी आतील गाव उठवावे लागत नाही. ही साधी गोष्ट पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसल्यामुळे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम व्यर्थ पुसले जाते. म्हणून या वेळच्या लेखात हा विषय घेतला आहे.

अशाच एखाद्या गावातील एक मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणा. आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले, सूनबाई घरी शिकवण्या घेणाऱ्या, नात बारावीत. घरात एकच संगणक, तोही जुना. त्यावरील विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नवा संगणक घेण्याची ऐपत नाही, म्हणून कोणा जाणत्या आप्ताने विंडोजच्या शेजारीच लिनक्स ही मोफत मिळणारी कार्यप्रणाली बसवून दिली. लिनक्सचा प्रारंभ १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने तिच्याच आधारावर ‘बॉस’ ही भारतीय भाषांत वापरता येणारी आवृत्ती सिद्ध केली आहे. तेव्हा ही वस्तू काही अनोळखी नव्हे.

आप्ताने भीतभीतच लिनक्सला ५०० गीगाबाइटच्या डिस्कपैकी अवघे ६० गीगाबाइट दिले. उरलेले बहुतेक विंडोजकडेच राहिले. पुढे घरातील सर्व कामे हळूहळू लिनक्सवर आली. नातीच्या प्रयोगवह्या, सूनबाईंच्या प्रश्नपत्रिका, आजोबांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, लग्नमुंजीची छायाचित्रे, सारे त्या लहानशा खोलीत जमा झाले. मग एके दिवशी संदेश येऊ लागतो की जागा संपली. फाइल जतन होत नाही. कधी कधी तर नाव व परवलीचा शब्द देऊनही पडदा पुढे सरकत नाही. दुकानात नेले की ठरलेले उत्तर मिळते, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ म्हणजे सर्व पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडणी. शेजारची खोली रिकामी पडली असता दाटीच्या खोलीसाठी घरच पाडण्याचा हा सल्ला आहे. बहुतेक वेळा त्याची आवश्यकता नसते.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. डिस्कच्या अशा हिश्शाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचे मराठी कोणी ‘फाळणी’ करतात, कोणी ‘वाटणी’. पहिल्यात इतिहासाची जखम आहे, दुसऱ्यात भावाभावांचे भांडण. परंतु आपल्या बोलण्यात तो शब्द आधीच घरगुती होऊन बसला आहे. चाळीतल्या एका खोलीच्या दोन करण्यासाठी लाकडी फळ्यांचा किंवा प्लायवूडचा आडोसा घालतात, त्याला आपण ‘पार्टिशन’च म्हणतो. हा अर्थच येथे चपखल बसतो. आडोशाने झालेल्या खोलीला या लेखात ‘विभाग’ म्हटले आहे.

आता या विभागांची रचना समजून घेऊ. ती समजली की पुढील सर्व नियम आपोआप ध्यानात राहतात. डिस्कवर दोन निरनिराळ्या नोंदी असतात. पहिली नोंद म्हणजे विभागतक्ता. कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढेच त्यात लिहिलेले असते. महाराष्ट्रात जसा सातबारा, छत्तीसगडात जसा खसरा, तसाच हा डिस्कच्या जमिनीचा उतारा. दुसरी नोंद विभागाच्या आत असते. तिला फाइलव्यवस्था म्हणतात. कोणती फाइल आतील कोणत्या ठिकाणी ठेवली आहे, रिकामी जागा कोठे आहे, याचा हिशेब ती ठेवते. हा उतारा फक्त विभागाची हद्द सांगतो. आत काय ठेवले आहे हे फाइलव्यवस्थेलाच ठाऊक असते.

विभागाचा आकार बदलावयाचा म्हणजे या दोन्ही नोंदी बदलावयाच्या. त्यांचा क्रम चुकला की नुकसान होते. विभाग लहान करावयाचा असेल तर आधी फाइलव्यवस्था आत ओढून घ्यावी लागते. म्हणजे कडेला ठेवलेले सामान आत सरकवावे आणि मगच उताऱ्यावरील हद्द अलीकडे आणावी. उलट केले तर हद्दीबाहेर राहिलेले सामान परक्याचे होते. विभाग मोठा करावयाचा असेल तर मात्र आधी उताऱ्यावरील हद्द पलीकडे न्यावी आणि मग फाइलव्यवस्थेला नव्या जागेत पसरू द्यावे. लहान करताना आधी आत, मग बाहेर; मोठे करताना आधी बाहेर, मग आत. हे एक वाक्य पाठ केले तरी अर्धे काम झाले.

सुदैवाने हा क्रम स्वतः सांभाळणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांपैकी २००४ पासून प्रचारात असलेले ‘जीपार्टेड’ हे साधन घरगुती वापरास फार सोयीचे आहे. डिस्क एका आडव्या पट्टीसारखी दाखवून तो तिच्यावरील विभाग रंगीत तुकड्यांनी दर्शवितो. तुकड्याची कडा ओढली की आकार बदलतो. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, आपण सांगितलेले बदल तो लगेच करीत नाही. खाली त्यांची यादी मांडून ठेवतो. ‘लागू करा’ अशा अर्थाचे बटन दाबेपर्यंत डिस्कवर काहीही घडत नाही. म्हणून बटन दाबण्यापूर्वी ती यादी घरातील दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचून दाखवावी. वाचताना लक्षात येणाऱ्या चुका पाहताना निसटतात.

प्रत्यक्ष हात घालण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात.

पहिली, खरोखरच जागा कमी आहे काय ते पाहावे. कचरापेटीतील फाइली, उतरवून घेतलेल्या कार्यक्रमांच्या जुन्या प्रती आणि साचलेल्या नोंदवह्या काढून टाकल्या की पुष्कळदा काही गीगाबाइट मोकळे होतात. तेवढ्याने भागत असेल तर पुढील खटाटोप करू नये.

दुसरी गोष्ट सर्वांत मोलाची. महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर वा पेनड्राइव्हवर घ्यावी. ती प्रत त्याच संगणकाच्या दुसऱ्या विभागात ठेवली तर तिचा उपयोग नाही. घराला आग लागली असता दागिने शेजारच्या खोलीत नेऊन ठेवल्यासारखेच ते होईल. प्रत घेतल्यावर त्यातील पाचदहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रतच नव्हे.

तिसरी, विभागांची सद्यःस्थिती कागदावर उतरवून घ्यावी: कोणता विभाग कोणता, किती मोठा, कोणाच्या शेजारी. येथे एक शंका येण्याचा संभव आहे. ५०० गीगाबाइटची डिस्क संगणक सुमारे ४६५ची दाखवितो. यात लबाडी नाही. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, यंत्र १,०२४ च्या पटीत मोजते, एवढाच फरक.

चौथी, विजेची व्यवस्था. चैत्र-वैशाखात वादळवारा सुटला की आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. विभाग हलवीत असताना वीज गेली तर अर्धे सामान जुन्या जागी व अर्धे नव्या जागी अशी अवस्था होते. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून तारही जोडलेली ठेवावी. मेजावरचा संगणक असेल तर इन्व्हर्टरचा वा यूपीएसचा आधार घ्यावा. आणि डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल किंवा फाइली वाचताना चुका दिसत असतील, तर आकार बदलण्याचे नावही काढू नये. प्रत घ्यावी आणि डिस्क बदलावी.

आता आपल्या कल्पनेतील कुटुंबाकडे वळू. त्यांना विंडोजच्या विभागातून, समजा, १५० गीगाबाइट काढून घ्यावयाचे आहेत. हे काम विंडोजमधील स्वतःच्या डिस्क-व्यवस्थापन सोयीनेच करणे अधिक चांगले. ज्याचे सामान त्यानेच आवरावे. त्यापूर्वी विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करून संगणक पूर्णपणे बंद करावा. ती चालू असताना विंडोज प्रत्यक्षात अर्धवट झोपलेली असते आणि तिच्या विभागात दुसऱ्याने हात घातल्यास फाइलींची हानी होऊ शकते. डिस्कवर ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल तर त्याची पुनःप्राप्ती किल्ली आधी कागदावर लिहून घ्यावी. मागितले तेवढे १५० मिळाले नाहीत तर गोंधळून जाऊ नये. विंडोजच्या काही फाइली जागच्या हलत नाहीत आणि त्यांच्यापर्यंतच हद्द आत येऊ शकते.

रिकामी जागा तर मिळाली. पण ती कोठे मिळाली? विंडोजचा विभाग बहुधा डावीकडे असतो आणि लिनक्सचा उजवीकडे. मोकळी जागा विंडोजच्या उजव्या हाताला, म्हणजे लिनक्सच्या डाव्या बाजूला पडते. पुष्कळदा या दोहोंच्या मध्ये विंडोजचा दुरुस्तीसाठी राखलेला लहानसा विभागही असतो. सारी मेख येथेच आहे. लिनक्सच्या उजवीकडे जागा असती तर काम मिनिटाचे होते. ‘ईएक्सटी४’ ही फाइलव्यवस्था संगणक चालू असतानासुद्धा उजवीकडे वाढविता येते. डावीकडे वाढवावयाचे म्हणजे विभागाची सुरुवातच बदलावयाची, आणि त्यासाठी आतील सर्व सामान उचलून डावीकडे न्यावे लागते. ६० गीगाबाइट भरलेले असतील आणि सेकंदाला ३० मेगाबाइट या वेगाने काम चालले असे धरले तर दोन हजार सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल. जुन्या यंत्रावर याहून पुष्कळ अधिक. तेवढा वेळ सारा संसार वाटेत असतो.

म्हणून आमची शिफारस निराळी आहे. लिनक्सचा विभाग जागचा हलवूच नये. मोकळ्या झालेल्या जागेत एक नवा विभाग करावा, त्यावर ‘ईएक्सटी४’ फाइलव्यवस्था घालावी आणि घरातील सर्वांच्या फाइली ज्या ‘होम’ नावाच्या कप्प्यात असतात तो कप्पा तेथे न्यावा. लिनक्सची घडण अशी आहे की, कोणताही कप्पा कोणत्याही विभागावर ठेवून तो मूळच्याच जागी असल्यासारखा वापरता येतो. वापरणाऱ्याला काही बदलले असे जाणवतही नाही. जामुलची राजधानी बदलली तरी शेजाऱ्याच्या घराची वाट बदलली नाही, तसेच हे.

याची रीत अशी. लिनक्स मिंटसारख्या प्रतीच्या स्थापनेसाठी जो पेनड्राइव्ह करतात, त्यावरून संगणक चालू करावा. मात्र स्थापना न करता केवळ वापरून पाहण्याचा पर्याय घ्यावा. असे केल्याने डिस्कवरील लिनक्स स्वस्थ पडून राहते व तिच्या फाइली कोणी वापरीत नसते. नवा विभाग करून त्यात ‘होम’मधील सर्व काही उतरवावे. साध्या ओढून टाकण्याने ही नक्कल करू नये. ‘आरसिंक’ ही आज्ञा मालकी व परवानग्या जशाच्या तशा राखणाऱ्या ‘आर्काइव्ह’ पर्यायासह वापरावी. नाही तर फाइल दिसेल पण उघडणार नाही. मग ‘एफएसटॅब’ या लहानशा फाइलीत एक ओळ वाढवावी लागते. संगणक सुरू होताना कोणता विभाग कोठे जोडावयाचा हे तीत लिहिलेले असते. विभागाची ओळख त्याच्या क्रमांकाने न देता ‘यूयूआयडी’ या लांबलचक ओळखचिन्हाने द्यावी, कारण क्रमांक बदलू शकतात. या फाइलीत हात घालण्यापूर्वी तिची जुनी प्रत शेजारी ठेवावी. ओळ चुकली तर संगणक दुरुस्तीच्या अवस्थेत थांबतो. पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू करून जुनी प्रत जागेवर ठेवली की तो पूर्ववत होतो.

जुना ‘होम’ कप्पा लगेच पुसू नये. त्याचे नाव बदलून ठेवावे, त्याच्या जागी त्याच नावाचा एक रिकामा कप्पा करावा (नवा विभाग तेथेच जोडला जातो), संगणक नेहमीप्रमाणे सुरू करावा आणि आठवडाभर सर्वांनी आपापले काम करून पाहावे. छायाचित्रे उघडतात, मराठी कळफलक चालतो, छपाई होते अशी खात्री पटली की मगच जुने सामान टाकावे. त्यानंतरच मूळच्या ६० गीगाबाइटची दाटी खऱ्या अर्थाने कमी होईल.

काही घरांत याहून निराळी स्थिती असेल. लिनक्सच्या उजवीकडे खरोखरच मोकळी जागा असेल तर जीपार्टेडमध्ये विभागाची उजवी कडा ओढावी आणि यादी लागू करावी. मध्ये ‘स्वॅप’ नावाचा स्मृतीला मदत करणारा विभाग आडवा आला तर तो काढून, जागा वाढवून, पुन्हा टोकाला करता येतो. मात्र नव्या स्वॅपचे ओळखचिन्ह बदलते आणि एफएसटॅबमध्ये ते सुधारले नाही तर संगणक सुरू होताना जुन्या स्वॅपची वाट पाहत सुमारे दीड मिनिट खोळंबतो. यंत्र बिघडले असे समजून तेव्हा घाबरू नये.

फाइलव्यवस्था कोणती आहे हेही पाहिले पाहिजे. ‘ईएक्सटी४’ चालू स्थितीत वाढते, पण लहान करावयाची तर तिचा वापर थांबवावाच लागतो. ‘बीटीआरएफएस’ चालू असतानाही वाढते व घटते. ‘एक्सएफएस’ वाढते, पण ती लहान करता येत नाही असेच धरून चालावे. ज्यांनी प्रारंभीच ‘एलव्हीएम’ ही पद्धत घेतली असेल त्यांचे काम आणखी सोपे. तीत जागा एकाला लागून एक असण्याची गरज नसते, डिस्कवर दूर पडलेले तुकडेही एकाच विभागाच्या खात्यात जमा करता येतात.

जुन्या यंत्रांत विभागतक्त्याची आणखी एक मर्यादा आढळते. १९८३ साली आयबीएमच्या घरगुती संगणकांसाठी डॉस २.० बरोबर जी पद्धत आली, तीत उताऱ्यावर अवघ्या चार मुख्य विभागांच्या नोंदी मावतात. चारही भरल्या असतील तर डिस्कवर कितीही जागा असो, पाचवा मुख्य विभाग होत नाही. पुढे आलेल्या ‘जीपीटी’ पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदी मावतात आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते. आपला तक्ता जुन्या पद्धतीचा व भरलेला दिसला, तर घाईने कोणताही विभाग पुसू नये. निरुपयोगी वाटणाऱ्या लहान विभागातच बहुधा संगणक सुरू करण्याची किल्ली असते. येथे जाणत्या माणसाला बोलवावे, आणि तो येईपर्यंत बाहेरच्या डिस्कवर काम भागवावे.

हे सर्व वाचून एखाद्या गृहिणीस वा आजोबांस वाटेल की हे आपले काम नव्हे. तसे मुळीच नाही. येथे गणित कठीण नाही, यंत्राचे आवरण उघडावयाचे नाही. हवी ती शिस्त: आधी प्रत, मग कागदावर नोंद, मग यादीचे वाचन आणि शेवटी बटन. ज्या घरात महिन्याचा हिशेब पैशापैशाने लागतो त्या घरात ही शिस्त नवी नाही. आणि काम दुकानातच करवून घ्यावयाचे असले तरी, ‘फॉरमॅट न मारता आकार वाढवून द्याल काय?’ हा प्रश्न विचारण्याइतकी माहिती आता आपणांजवळ आहे. उत्तर ‘नाही’ असे आले तर त्याचे कारण मागावे. डिस्क खराब असणे हे कारण योग्य आहे. ‘आम्ही तसे करीत नाही’ हे योग्य नाही.

शेवटी एक सूचना. काम यशस्वी झाल्यावर विभागांची नवी रचना, बिटलॉकरची किल्ली आणि प्रत कोठे ठेवली आहे ते एका कागदावर लिहून शिधापत्रिका व वीजबिले जेथे ठेवता तेथे ठेवावे. संगणक घरातील एकाच माणसाला कळतो ही स्थिती फार दिवस राहू देऊ नये. पुढच्या खेपेस जागा संपेल तेव्हा तो माणूस परगावी असेल, आणि त्या कागदाच्या आधाराने बारावीतली नातच हे काम करील.